पाककृती प्रश्नोत्तरे: सोयाबीनचा टोफू, चुन्यातला मका आणि मे महिन्यातलं यीस्ट

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं एकाच अडचणीची आहेत. परदेशी पदार्थाची कृती पायरीपायरीने पाळली, पण ती पायरी कशासाठी आहे हे कुणी सांगितलं नाही आणि पदार्थ फसला. म्हणून इथे मापाबरोबर कारणही दिलं आहे. घरात ओव्हन नाही असंच धरून चाललो आहोत. वाटी म्हणजे २०० मिलि., चमचा म्हणजे ५ मिलि., टेबलचमचा म्हणजे १५ मिलि.

प्रश्न: ताई, घरच्या सोयाबीनचा टोफू करून पाहिला. दूध फाटलं, पण वडी धरली नाही, रवाळ चुरा झाला. शिवाय कच्चट वास गेलाच नाही. काय चुकलं? (मंगरुळपीर, जि. वाशीम)

आधी सगळ्यात महत्त्वाचं. पेरणीच्या बॅगेतून उरलेलं बियाणं कधीही खायला घेऊ नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, बरेचदा गुलाबी किंवा लाल रंगही असतो. ते धुऊन, उकळून निघत नाही. घरी बीजप्रक्रिया केलेलं बियाणंही तसंच. मळणीनंतर वेगळं ठेवलेलं, निवडलेलं सोयाबीनच घ्या.

आता वासाचं. सोयाबीनच्या दाण्यात एक विकर (एन्झाइम) असतं. दाणा फुटून त्याला पाणी आणि हवा लागली की ते दाण्यातल्या तेलावर काम करतं आणि तो कच्चट वास तयार होतो. गार पाण्यात वाटलं की हे व्हायला दोन-चार मिनिटंही पुरतात. नंतर कितीही उकळलं तरी वास राहतो. उपाय एकच, वाटतानाच पाणी कडकडीत गरम हवं. स्टीलचं भांडं अर्धंच भरा, झाकणावर जाड फडकं दाबून धरा आणि मिक्सर थांबूनथांबून फिरवा, नाहीतर वाफेने झाकण उडतं.

५०० ग्रॅम सोयाबीन उन्हाळ्यात ६ तास, हिवाळ्यात १२ तास भिजवा. उन्हाळ्यात मधे एकदा पाणी बदला. भिजलं की नाही हे दाणा दोन फाकांत उघडून पाहा. आतली बाजू सपाट आणि सगळीकडे एकाच रंगाची दिसली तर झालं. मधे खोलगट, पिवळट पट्टा असेल तर अजून वेळ द्या. कमी भिजलेल्या दाण्यातून दूध कमी निघतं.

वाटायला २ लिटर गरम पाणी घ्या. पातळ सुती कापडातून पिळून काढा, चोथ्यावर आणखी १ लिटर गरम पाणी घालून पुन्हा पिळा. हे दूध मोठ्या गंजात उकळायला ठेवा, गंज निम्मा तरी रिकामा हवा. सोयाबीनचं दूध खरी उकळी यायच्या आधीच फेस होऊन वर येतं. ती उकळी समजून गॅस बंद केला की दूध कच्चं राहतं. फेस बसल्यावर मंद आचेवर तळ ढवळत १० मिनिटं उकळा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते या उकळण्यानेच निकामी होतात. ही १० मिनिटं कमी करू नका.

वडी न धरण्याचं कारण पुढच्या पायरीत आहे. गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा, म्हणजे दूध ८० अंशांच्या आसपास येईल. ९० मिलि. गाळलेला लिंबाचा रस १ वाटी पाण्यात मिसळा. त्यातला एक तृतीयांश घालून दोनदा हलक्या हाताने ढवळा आणि हात थांबवा. पाच मिनिटांनी दुसरा भाग वरून पसरून घाला, ढवळू नका, झाकण ठेवा. दहा मिनिटांनी पाहा. पाणी पिवळसर आणि नितळ दिसलं तर उरलेला रस लागणारच नाही. अजून दुधट असेल तरच घाला. पनीरच्या सवयीने आपण उकळत्या दुधात सगळा रस एकदम ओतून डाव गरगर फिरवतो, आणि गुठळ्यांचा चुरा होतो. सोयाबीनची गुठळी पनीरपेक्षा बरीच नाजूक असते.

गुठळ्या झाऱ्याने अलगद उचलून कापड घातलेल्या चाळणीत ठेवा, वर २ किलो वजन, २५ मिनिटं. मग कापडासकट गार पाण्यात बुडवा आणि पाण्यातच सोडवा. फ्रिजमध्ये पाण्यात ठेवून रोज पाणी बदललं तर तीन दिवस चांगला राहतो.

लिंबाचा टोफू किंचित आंबट आणि थोडा भुसभुशीत होतो. चीन-जपानमध्ये खाण्यायोग्य जिप्सम किंवा मिठागराचा कडू क्षार वापरतात, त्याने वडी गुळगुळीत होते. तसं जिप्सम मिळालं तर खाद्यपदार्थांसाठीचंच घ्या. इमारतीच्या सामानातलं जिप्सम किंवा पीओपी मुळीच चालत नाही. उरलेला चोथा थालीपिठात घालता येतो, पण तो कच्चा आहे, म्हणून थालीपीठ पातळ थापून झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी पूर्ण भाजा.

प्रश्न: मक्याच्या पिठाचा तॉर्तिया लाटताना तुटतो. कणीक मिसळली की जमतो, पण मग ती चव येत नाही. (चिखली, जि. बुलडाणा)

तुमच्या हाताचा दोष नाही, पीठच वेगळं आहे. गिरणीतून आणलेल्या मक्याच्या पिठाचा मेक्सिकोतला तॉर्तिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, होत नाही. तिथे आख्खा मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात आणि मग ओला वाटतात. गव्हासारखा चिकटपणा मक्याला नाही. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते, सालीतला डिंकासारखा भाग मोकळा होतो, थोडं पिष्ट फुलतं आणि पीठ एकजीव होतं. तॉर्तियाचा तो ओळखीचा वासही चुन्यातूनच येतो.

आपल्याकडे चुना पानाच्या डब्यातच आहे. बिनवासाचा साधा पांढरा खायचा चुना घ्या, भिंतीचा नको.

१ किलो वाळलेला मका, ३ लिटर पाणी, ३ सपाट चमचे ओला चुना. भांडं स्टीलचं घ्या. जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) भांड्याला चुना खातो आणि मका काळपट होतो. चुना पाण्यात विरघळवून मका घाला, उकळी आली की मंद आचेवर ३० ते ४० मिनिटं शिजवा. दाणा बोटात चोळला की साल निसटायला हवी, पण दाताखाली आत पांढरा टणक ठिपका राहायला हवा. पूर्ण मऊ शिजला तर पिठाची खळ होते. झाकून १० ते १२ तास ठेवा. मग पिवळं पाणी ओतून द्या, दाणे दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा. साल अगदी शेवटच्या कणापर्यंत काढू नका, थोडी राहिली तर पीठ बांधायला मदतच होते. हाताला चीर असेल तर चुन्याचं पाणी झोंबतं, धुताना काळजी घ्या.

वाटायला पाटा-वरवंटा सगळ्यात उत्तम, खालोखाल दगडी ग्राइंडर. मिक्सरला पाणी जास्त लागतं, पीठ सैल होतं. तसं झालं तर मक्याचं कोरडं पीठ मूठभर घालून अर्धा तास झाकून ठेवा. लिंबाएवढा गोळा दाबून पाहा. कडा चिरल्या तर पाण्याचा हात लावून मळा, तळव्याला चिकटला तर पीठ ओलं आहे.

लाटू नका, दाबा. ३० ग्रॅमचा गोळा जाड प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांत ठेवून वरून पाट दाबायचा, जाडी २ मिलिमीटर. कोरड्या, चांगल्या तापलेल्या तव्यावर पहिली बाजू २० सेकंद, उलटून एक मिनिट, पुन्हा उलटून फडक्याने हलकं दाबलं की फुगतो. उतरवला की लगेच कापडात गुंडाळून एकावर एक ठेवा. दहा मिनिटांच्या त्या वाफेतच तो मऊ आणि दुमडता येण्याजोगा होतो. तव्यावरून थेट ताटात वाढला तर मोडतोच.

चुन्याची पायरी चवीपुरती नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेलं असतं, चुन्याने ते मोकळं होऊन अंगी लागतं. मका अमेरिकेतून युरोपात गेला, पण ही रीत मागेच राहिली. मक्यावरच पोट भरणाऱ्या इटली आणि स्पेनमधल्या गरीब लोकांत अठराव्या शतकात पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार पसरला.

आणि कणकेचा तॉर्तिया म्हणजे तडजोड असं समजू नका. मेक्सिकोच्या उत्तर भागात गव्हाचेच करतात. फक्त त्यात मका मिसळत नाहीत, आणि मोहन भरपूर घालतात.

प्रश्न: एप्रिल-मेमध्ये यीस्टचं पीठ तासाभरात फुगतं आणि खाली बसतं, आंबूस वास येतो. तव्यावरचा पिझ्झाही खालून करपतो, वरून ओला राहतो. (आर्वी, जि. वर्धा)

पुस्तकातलं माप थंड देशातलं असतं. यीस्टच्या पिठाला २४ ते २७ अंश मानवतं. आपल्या स्वयंपाकघरात मेमध्ये दुपारी ४० अंशांच्या वर तापमान असतं, तिथे पाकिटावर लिहिलेलं यीस्ट दुप्पट-तिप्पट जोरात चालतं. पीठ फुगतं, पण चव यायला वेळच मिळत नाही, आणि पिठातल्या चिकटपणाची जाळी ताणून फाटली की ते बसतं.

म्हणून यीस्ट कमी करा आणि काम रात्रीवर न्या. ५०० ग्रॅम मैदा, ३०० मिलि. माठातलं गार पाणी, २ सपाट चमचे मीठ, पाव चमचा इन्स्टंट यीस्ट. कोमट पाणी मुळीच नको, पिठात साखरही नको. रात्री नऊला १० मिनिटं मळा. तेलाचा हात लावून डब्यात झाका, डबा पाणी घातलेल्या परातीत ठेवा आणि वरून ओलं फडकं. पहाटेपर्यंत पीठ दुप्पट होतं. सकाळीच चार गोळे करून फ्रिजमध्ये ठेवले तर संध्याकाळपर्यंत टिकतात. यीस्टचं फोडलेलं पाकीट घट्ट बाटलीत फ्रिजमध्ये असू द्या. शंका आली तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट टाका, दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते गेलं.

तव्याचं असं आहे की नेपल्सच्या भट्टीत ४५० अंशांच्या आसपास वरूनही तेवढीच उष्णता मिळते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. तव्यावर वरून उष्णता नाही, म्हणून बाजू उलटावी लागते. जाड लोखंडी तव्यावर पोळी एका बाजूने दीड मिनिट भाजा, उलटा, आणि भाजलेल्या बाजूवर सॉस-चीज लावा. आता आच मंद, झाकण घट्ट, चार मिनिटं. चूल असेल तर लोखंडी झाकणावर निखारे ठेवा, वरून डाग पडतील इतका ताव मिळतो.

वरून ओला राहतो तो टमाट्यामुळे. टमाटे चिरून, मीठ लावून चाळणीत २० मिनिटं निथळू द्या, मग कुस्करा. शिमला मिरची, कांदा आधी तव्यावर कोरडे परता. सॉस एका पोळीला तीन टेबलचमच्यांहून जास्त नको. पनीर वितळत नाही, कारण ते आंबट घालून फाडलेलं असतं. ताणणारं चीज हवं असेल तर मोझरेला आणा.

प्रश्न: आमच्याकडे बरबटीचे (चवळीचे) वडे होतातच. नायजेरियात बरबटीचेच हलके, पोकळ वडे करतात असं वाचलं. ते कसे? (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

ते अकारा. आपल्या वड्यात साल राहते, वाटण जाडसर असतं, वर जिरं-लसूण-सांबार (कोथिंबीर). अकारात साल पूर्ण काढायची आणि वाटण फेटून हवेने भरायचं, सगळा फरक एवढाच.

२५० ग्रॅम बरबटी तासभर भिजवा, हाताने जोरात चोळा, वर येणारी सालं ओतून द्या. असं पाच-सहा पाण्यांत करावं लागतं, घाई करू नका. सोललेली बरबटी आणखी दोन तास भिजवून अगदी कमी पाण्यात, तीन-चार टेबलचमच्यांत, गुळगुळीत वाटा. मग परातीत घेऊन हाताने एकाच दिशेने ७-८ मिनिटं फेटा. थेंब पाण्यात टाकला की तरंगायला हवा. बारीक कांदा, मिरची आणि मीठ तेल तापल्यावर, अगदी शेवटी. मीठ आधी घातलं की कांद्याला पाणी सुटतं आणि फेटलेली हवा बसते. मध्यम आचेवर, वडा पूर्ण बुडेल एवढ्या तेलात तळा.

पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर हाच वडा ब्राझीलच्या बाहिया प्रांतात पोचला. तिथे तो अकाराजे, लाल पामतेलात तळलेला आणि मधे चिरून झिंगे भरलेला.

प्रश्न: ज्वारीच्या पिठाचा इथिओपियातला इंजेरा करता येईल का? (अकोट, जि. अकोला)

येईल, आणि करावाच. इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाचं जाळीदार धिरडं, मुख्यतः टेफ या बारीक धान्याचं, पण इथिओपियात ज्वारीचाही करतात. ज्वारीचं मूळच त्या भागातलं आहे.

पांढऱ्या ज्वारीचं ताजं, बारीक पीठ ४०० ग्रॅम, पाणी ६०० मिलि., आदल्या आंबिलीचं आंबवण दोन टेबलचमचे. उन्हाळ्यात २० ते २४ तास, हिवाळ्यात दोन दिवस झाकून ठेवा. वर जमलेलं काळसर पाणी ओतून द्या, कडूपणा त्यातच असतो.

पुढची पायरी बहुतेक कृतींत गाळलेली असते आणि तिथेच इंजेरा फाटतो. आंबलेल्या पिठातलं १ वाटी पीठ २ वाट्या उकळत्या पाण्यात घालून, ढवळत, खिरीइतकं दाट शिजवा. कोमट झालं की परत सगळ्या पिठात मिसळा आणि दीड तास थांबा. ज्वारीत चिकटपणा नसतो, हे शिजवलेलं पीठच तो देतं. आता पीठ धिरड्यापेक्षा थोडं पातळ करा.

मध्यम तापलेल्या तव्यावर, तेल न लावता, कडेपासून मध्याकडे गोल फिरवत ओता. वर बारीक डोळे उघडू द्या, मग झाकण, दीड मिनिट. उलटायचा नाही. कड सुटली की कापडावर सरकवा. गरम असताना एकावर एक ठेवले तर चिकटून गोळा होतो. डोळे पडले नाहीत तर पीठ दाट आहे किंवा कमी आंबलं आहे. ज्वारीचा इंजेरा दुसऱ्या दिवशी कडक होतो, करायचा त्याच दिवशी खायचा.

सोबत मसूर डाळ. तीन मोठे कांदे अगदी बारीक चिरून तेलाशिवाय, नुसत्या गंजात १० ते १२ मिनिटं परता, लागले तर पाण्याचा हबका मारा. कांदा गळून गेला की तेल आणि मसाला, मग डाळ. त्यांच्या बरबरे मसाल्यासाठी भिवापुरी मिरची रंगाला उत्तम. ५० ग्रॅम मिरचीला १ चमचा धने, अर्धा चमचा मेथी, अर्धा चमचा ओवा, ८ मिरे, ४ वेलदोडे, ३ लवंगा, थोडी सुंठ, सगळं कोरडं भाजून कुटा. मेथी काळी पडू देऊ नका, सगळा मसाला कडवट होतो.

प्रश्न: हमससाठी (काबुली चण्यांच्या वाटणासाठी) ताहिनी, म्हणजे तिळाचं वाटण, घरी केली, कडू झाली. (दारव्हा, जि. यवतमाळ)

तीळ जास्त भाजले गेले किंवा सालासकट होते. पॉलिशचे पांढरे तीळ घ्या, मंद आचेवर तडतडायला लागायच्या आधीच, जेमतेम रंग बदलताच ताटात काढा. कढईत ठेवले तर भाजणं चालूच राहतं. २०० ग्रॅम तिळाला ३ टेबलचमचे तिळाचं साधं तेल, कोमट असतानाच वाटा. काबुली चणे भिजवताना आणि शिजवताना पाव चमचा सोडा घाला, साल विरघळते. हमसमध्ये दही घालायची गरज नाही.

प्रश्न: बागेतल्या संत्र्याचा मार्मालेड जमतच नाही, पातळ सरबतासारखा राहतो. कधी जास्त आटवला तर चिक्की होते. (वरुड, जि. अमरावती)

मार्मालेड म्हणजे संत्र्याच्या सालीचा जॅम. इंग्लंडमधला सेव्हिलच्या कडू, आंबट संत्र्याचा असतो. त्याच्या सालीच्या पांढऱ्या भागात आणि बियांत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट धरणारा घटक, भरपूर. आपलं नागपुरी संत्रं गोड, सैल सालीचं, त्यात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही कमी. ते बाहेरून द्यावे लागतात.

१ किलो संत्री, ३ कागदी लिंबं, २ कच्चे आंबट पेरू, ८०० ग्रॅम साखर, १ लिटर पाणी. नुकतीच फवारणी झालेल्या झाडाची फळं नकोत. चार संत्र्यांचीच साल घ्या, बारीक पट्ट्या करून एकदा उकळा आणि ते पाणी टाका, कडूपणा बेताचा राहतो. फोडींचा गर आणि रस वेगळा काढा. फोडींच्या पापुद्र्या, सगळ्या बिया, पिळलेली लिंबं आणि पेरूचे तुकडे सुती पुरचुंडीत बांधा. साल, रस, पुरचुंडी रात्रभर पाण्यात ठेवा.

सकाळी साखर न घालता मंद शिजवा, साल दोन बोटांत चिरडेपर्यंत, तासभर तरी. साखर आधी पडली तर साल पुन्हा मऊ होत नाही, चामट राहते. पुरचुंडी कोमट झाली की घट्ट पिळा. जो बुळबुळीत रस येतो तेच पेक्टिन, तो टाकू नका. आता साखर आणि लिंबाचा रस. साखर कमी करून गोडी कमी करायला जाऊ नका, साखर पुरेशी नसली तर पेक्टिन धरतच नाही.

पसरट भांड्यात मोठ्या आचेवर १५ ते २५ मिनिटं. थर्मामीटर असेल तर १०५ अंश. नसेल तर स्टीलची ताटली फ्रिजमध्ये थंड करा, तिच्यावर थेंब टाका, मिनिटभराने बोटाने ढकला. वर सुरकुती पडली की गॅस बंद. प्रत्येक परीक्षेच्या वेळी गॅस बंद ठेवा, चिक्की या दोन मिनिटांतच होते. एका वेळी १ किलोहून जास्त संत्री घेऊ नका, मोठा घाणा आटायला वेळ लागतो आणि जास्त वेळ उकळलं की पेक्टिन तुटतं.

बाटल्या १० मिनिटं उकळून कोरड्या करा. मार्मालेड गॅसवरून उतरवून दहा मिनिटं थांबा, एकदा ढवळा, मग गरम असतानाच काठोकाठ भरा. लगेच भरलं तर साल सगळी वर तरंगते. पूर्ण घट्ट व्हायला दोन दिवस लागतात, तोपर्यंत बाटली हलवू नका आणि पातळ दिसलं म्हणून पुन्हा उकळू नका.